पृथ्वी कलली नाही, हवा बदलली

‘इनुइट वृद्धांनी नासाला कळवलं, पृथ्वी कलली!’ हा फॉरवर्ड दर दोन-चार महिन्यांनी माझ्याकडे येतो. (इनुइट म्हणजे आर्क्टिकमधले मूळ रहिवासी.) त्यातली नासा मागाहून चिकटवलेली आहे. वृद्धांचं म्हणणं मात्र खरोखर कॅमेऱ्यात आहे. झकारियास कुनुक आणि इयान माउरो यांच्या 2010 च्या, इनुइटांच्या इनुक्टिटुट भाषेतल्या माहितीपटात कॅनडाच्या नुनावुतमधले जुने शिकारी सांगतात की, सूर्य पूर्वीच्या जागी मावळत नाही. जन्मभर क्षितिज वाचत वाट काढणाऱ्यांना भास झाला, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. निरीक्षण पक्कं आहे, कारण वेगळं आहे.

शाळेतलं अपवर्तन, म्हणजे प्रकाशाचं वाकणं, आठवा. बर्फाला टेकलेली हवा गार आणि दाट, वरची तिच्याहून उबदार आणि विरळ. (थंडीत शेकोटीचा धूर वर न जाता आडवा पसरतो, तो अशाच उलट्या थरामुळे.) प्रकाश दाट हवेकडे वाकतो, म्हणजे इथे खाली, पृथ्वीच्या गोलाईबरोबर. म्हणून बुडालेला सूर्यही दिसतो. साध्या हवेतही क्षितिजावरचा सूर्य सुमारे अर्धा अंश उचललेला असतो. 1597 च्या जानेवारीत नोवाया झेम्ल्या या आर्क्टिक बेटावर अडकलेल्या डच दर्यावर्दी बॅरेंट्सच्या खलाशांना हिवाळ्याच्या लांब रात्रीनंतर सूर्य अपेक्षेच्या दोन आठवडे आधीच दिसला, प्रत्यक्षात क्षितिजाच्या 5 अंश खाली असताना!

आता गंमत बघा. मुंबईत सूर्य जवळजवळ सरळ बुडतो. नुनावुतमधल्या, 69 अक्षांशावरच्या इग्लूलिक गावात तो तिरका, क्षितिजाला घासत जातो. विषुवदिनी बिंब अर्धा अंश उचललं, तर मावळतीची जागा मुंबईत 0.2 अंशही सरकत नाही, इग्लूलिकला 1.3 अंश सरकते. जानेवारीत सूर्याची वाट क्षितिजाला जवळपास समांतर असते, तेव्हा तर विचारूच नका. आर्क्टिकचे हिवाळे तापलेत, समुद्रबर्फ उशिरा धरतो. हे थर पूर्वीसारखे राहतीलच कसे? अक्षच कलला असता, तर डोक्यावरचे तारेही हलले असते.

म्हणून तिथल्या तरुणांच्या कॅमेऱ्यांकडे माझं लक्ष आहे. कॅनडाच्याच लॅब्राडोरमधल्या रिगोलेट या इनुइट गावात 2009 साली सुरू झालेल्या ‘माय वर्ड’ केंद्रात गावकरी फोटो आणि आवाज जोडून आपल्या गोष्टी सांगतात. तिथल्याच नेन गावात तरुण मुलं ‘स्मार्टआइस’ या संस्थेची बर्फाची जाडी मोजणारी उपकरणं जोडतात. एकाच खडकावरून, दरवर्षी त्याच तारखांना, वेळ आणि तापमान टिपून मावळतीचे फोटो काढले, तर आजोबांची आठवण अंशांत मोजता येईल. एखाद्या फोटोत बिंब चपटं, पट्ट्यापट्ट्यांचं आलं, तर बिघडला म्हणून तो पुसू नये. तो हवेच्या थरांचाच फोटो आहे.