पूररेषा

पूररेषा : ठरावीक विसर्गाचा (दर सेकंदाला वाहणाऱ्या पाण्याचा) पूर आल्यास नदीचे पाणी काठावर जिथवर पसरेल, ती हद्द दाखवणारी नकाशावरील रेषा. महाराष्ट्रात ती निळी आणि लाल अशी दुहेरी असते. आखणी जलसंपदा विभागाची (पूर्वीचा पाटबंधारे विभाग), अंमलबजावणी महापालिका, नगरपरिषद किंवा नियोजन प्राधिकरणाची. धोका पातळीशी तिची नेहमी गल्लत होते. सांगलीच्या आयर्विन पुलाची ४५ फूट किंवा कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची ४३ फूट ही धोका पातळी म्हणजे एका जागच्या मोजपट्टीवरची खूण. पूररेषेची पातळी नदीच्या उताराबरोबर छेदागणिक (पात्र जागोजाग आडवे मोजतात त्या प्रत्येक ठिकाणी) उतरत जाते.

पूरमैदानाच्या (पुराचे पाणी पसरते त्या काठच्या सपाट जमिनीच्या) विभागणीसाठी केंद्राने १९७५ मध्ये राज्यांना नमुना विधेयक पाठवले. मणिपूर (१९७८) व राजस्थान (१९९०) यांनी कायदे केले. महाराष्ट्रातील व्यवस्था मुख्यत्वे पाटबंधारे विभागाच्या सप्टेंबर १९८९ च्या परिपत्रकावर आणि नगररचनेच्या नियमांवर उभी आहे. २००० चे नदी नियमन क्षेत्र धोरण प्रदूषण रोखण्यासाठी होते, पुरासाठी नव्हे. ते २०१५ मध्ये रद्द झाले.

व्याख्या : सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, किंवा प्रस्थापित पात्राच्या वहनक्षमतेच्या दीडपट विसर्ग, यांपैकी जो मोठा त्याची पातळी म्हणजे निळी रेषा. लाल रेषा सरासरी १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. धरणाखाली मात्र सांडव्यावरून जाणारा महत्तम विसर्ग आणि धरणाखालच्या मुक्त पाणलोटाचा (धरणाने न अडवलेल्या क्षेत्राचा) पूर यांची बेरीज धरतात. ‘२५ वर्षांतून एकदा’ याचा अर्थ दरवर्षी ४ टक्के शक्यता. तीस वर्षे उभ्या राहणाऱ्या घराला असा पूर निदान एकदा गाठण्याची शक्यता सुमारे ७१ टक्के, लाल रेषेच्या पुराची सुमारे २६ टक्के.

‘दीडपट’ या कलमाबद्दल दुमत संभवते. गाळाच्या मैदानातील नद्या दर एक-दोन वर्षांनी काठोकाठ भरतात, म्हणून तेथे दीडपट विसर्ग २५ वर्षांच्या पुराहून बहुधा कमीच भरतो. दख्खनच्या बेसाल्टमध्ये खोल कोरलेल्या पात्रात याच्या उलट होऊ शकते. मात्र राडारोड्याच्या भरावाने पात्र आक्रसले की वहनक्षमता घटते आणि तिची दीडपटही घटते; अतिक्रमणाचा लाभ असा गणितातच शिरतो. ‘प्रस्थापित’ हा शब्द भरावापूर्वीच्या पात्राला लावणे अधिक सयुक्तिक वाटते. धरणांबाबत एक मत असे की धरण झाल्यानंतरच्या नोंदींवरूनच वारंवारता काढावी, कारण जलाशय पूर शमवतो. परंतु ऑगस्टमध्ये भरलेल्या जलाशयात येणारे पाणी बव्हंशी तसेच पुढे सोडावे लागते. धरणापूर्वीच्या व नंतरच्या नोंदी एका मालिकेत मिसळणे तर कोणत्याच मताने ग्राह्य नाही.

आखणी : वार्षिक कमाल विसर्गांना गुंबेल किंवा लॉग-पिअर्सन प्रकार ३ हे सांख्यिकीय वितरण लावून, आणि नोंदी नसतील तेथे पावसाला एकक जलालेख (एकक पावसाने विसर्ग कसा चढतो-उतरतो याचा आलेख) लावून, विसर्ग ठरवतात. नंतर पात्राचे आडवे छेद मोजून, मॅनिंगचा खडबडीतपणाचा गुणांक (पात्राचा तळ व काठ प्रवाहाला किती अडवतात त्याचे माप) धरून संगणकीय प्रतिमानाने प्रत्येक छेदाची पातळी काढतात व ती समोच्च (समान उंचीच्या) रेषांवर, पुढे सर्व्हे क्रमांकांच्या नकाशावर उतरवतात. या शेवटच्या टप्प्यात पातळीतील छोटी चूकही मोठी होते. काठाचा उतार २०० ला १ असेल तर पातळीतील अर्ध्या मीटरची चूक रेषेला १०० मीटर सरकवते, म्हणजे अख्खी गल्ली आत किंवा बाहेर. समुद्रसपाटीचा संदर्भबिंदू न जुळणे आणि पूल-बंधाऱ्यांमागचा फुगवटा (अडल्यामुळे मागे चढणारे पाणी) सोडून देणे ही पातळी चुकण्याची नेहमीची कारणे.

नियमन : नदी ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र. २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार तेथे वाहनतळ, उद्यान, ओट्यांची उघडी मंडई, स्मशानभूमी, सांडपाणी शुद्धीकरण केंद्र, जलवाहिन्या अशा वापरांनाच मुभा आहे. जुन्या अधिकृत इमारतींचा पुनर्विकास जलसंपदा विभागाच्या ना हरकत दाखल्यावर होऊ शकतो. निळ्या व लाल रेषांमधले नियंत्रित क्षेत्र. तेथे बांधकाम लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंच हवे. बाधित भागाचे चटईक्षेत्र (अनुज्ञेय बांधकामाचे क्षेत्रफळ) त्याच भूखंडाच्या उरलेल्या भागावर वापरता येते. ही उंची खांबांवर घेतली तर पाण्याला वाट राहते. भराव टाकून घेतली तर एकाचे जोते वर येते आणि शेजाऱ्याच्या दारातले पाणी चढते. नियमाच्या मजकुरातील उंचीची अट दोन्ही प्रकारांनी पुरी होते, ही त्यातील खरी फट. खांबांमधली मोकळी जागा पुढे भिंती घालून बंद करणे हाही सर्रास आढळणारा प्रकार.

ओढे-नाल्यांवर सहसा पूररेषा नसते. तेथे लहान प्रवाहापासून ९ मीटर व मोठ्या प्रवाहापासून १५ मीटर अंतराचा नियम लागतो. जलसंपदा विभागाने रेषा सुधारल्यास विकास आराखड्यावरील रेषाही त्यानुसार बदललेली मानली जाते.