दिसलेले वाघ, असलेले वाघ

बुद्धपौर्णिमेच्या रात्री पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडल्याच्या पाणवठ्यांवर लोक मचाणावर बसतात आणि एक-दोन दिवसांत किती वाघ, किती अस्वलं 'मोजली' याची बातमी नागपूरभर होते. वनविभाग या उपक्रमाला 'निसर्गानुभव' म्हणतो, तेच बरोबर आहे. ही गणना नव्हे. एखादा वाघ दोन पाणवठ्यांवर येतो, दुसरा रात्रभर फिरकतच नाही, आणि यातलं काय किती वेळा घडलं हे मचाणावरून कळायला मार्ग नाही.

जुनी पगमार्क पद्धतही इथेच अडकली. सरोजराज चौधरी यांनी साठच्या दशकात बसवलेल्या या पद्धतीत मागच्या पंजाचा ठसा काचेवर उतरवायचा, प्लास्टरचा साचा घ्यायचा आणि आकारावरून वाघ वेगळे करायचे. ओल्या रेतीत ठसा पसरतो, कडक मुरुमावर उमटतच नाही. पण खरी चूक त्याहून खोल होती: रानातल्या प्रत्येक वाघाचा ठसा आपल्याला सापडतोच, हे गृहीतक. २००५ साली राजस्थानच्या सरिस्कात कागदावर वाघ होते, रानात नव्हते, तेव्हा ही पद्धत मागे पडली.

न दिसलेल्यांचा हिशेब मात्र फार आधी सुटला होता, तोही साध्या त्रैराशिकाने. फ्रेंच गणिती लाप्लासने फ्रान्सची लोकसंख्या याच वाटेने काढली. पुढे १८९६ साली डेन्मार्कच्या पीटरसनने मासे खूण करून सोडले आणि ही कल्पना मत्स्यशास्त्रात आणली. १९३०मध्ये अमेरिकेच्या फ्रेडरिक लिंकनने ती बदकांना लावली. समजा, पहिल्या फेरीत ४० वाघ ओळखले. दुसऱ्या फेरीत ३५ मिळाले, त्यातले २८ आधीचेच. म्हणजे एका फेरीत वाघ सापडण्याची शक्यता ३५ पैकी २८च्या, अर्थात ०.८च्या हिशेबाने धरायची. ४० भागिले ०.८, उत्तर ५०. नमुना लहान असला की हे उत्तर जरा फुगतं, म्हणून १९५१मध्ये चॅपमनने दुरुस्ती सुचवली: ४१ गुणिले ३६, भागिले २९, वजा १. इथे ४९.९ येतात. पुनर्भेटी २८ऐवजी ४ असत्या, तर मात्र दोन उत्तरांत मोठी तफावत पडली असती.

वाघाला खूण करावी लागत नाही, पट्टे असतातच. उल्लास कारंथ यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेत कॅमेरा ट्रॅपला (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याला) हे गणित जोडलं (१९९५). प्रत्येक ठिकाणी समोरासमोर दोन कॅमेरे लागतात, कारण डाव्या आणि उजव्या कुशीचे पट्टे वेगळे असतात. एका बाजूचा कॅमेरा बंद पडला की एकाच वाघाचे दोन वाघ होतात. मुदतही आखडती ठेवावी लागते. महिने लोटले तर मधल्या काळात कोणी मेला, कोणी आला, आणि 'समूह बंद आहे' हे गृहीतक मोडतं.

वाढीचं गणित यानंतर येतं. माल्थसने १७९८मध्ये लोकसंख्येची चक्रवाढ मांडली. १८३८मध्ये बेल्जियमच्या व्हेरहुल्स्टने तिला लगाम घातला: संख्या धारणक्षमतेच्या, म्हणजे रान जास्तीत जास्त जितक्यांना पोसू शकतं त्या आकड्याच्या, जवळ जाते तशी माणशी (इथे वाघशी म्हणा) वाढ घटत जाते. धारणक्षमता ५० आणि मूळ वाढीचा दर ०.२ धरा. १० वाघ असतील तर वर्षाला १.६ची भर, २५ असतील तर २.५ची, ४५ असतील तर फक्त ०.९ची. आता ४५ वाघांपैकी आपल्याला २५च दिसले असतील, तर आपण २.५ची वाट बघत बसणार, आणि ०.९ आले की शिकारीचा संशय घेणार. मोजणीतली चूक अशी थेट समीकरणात उतरते.

महाराष्ट्राचे आकडे २०१४मध्ये १९०, २०१८मध्ये ३१२ आणि २०२२मध्ये ४४४. वार्षिक दर काढला तर पहिल्या चार वर्षांत सुमारे १३ टक्के, पुढच्या चारांत ९. 'धारणक्षमता जवळ आली' असं म्हणायचा मोह होतो, पण दरम्यान कॅमेऱ्यांचं जाळंही बदललेलं असतं. तेव्हा हा उतार किती वाघांचा आणि किती मोजणीचा, हे या तीन आकड्यांतून सांगता येत नाही. त्यापेक्षा भक्ष्य मोजणं जास्त भरवशाचं: एक वाघ वर्षाला साधारण ५० हरणाएवढी जनावरं मारतो, आणि हे उपलब्ध भक्ष्याच्या दहा टक्क्यांच्या आसपास धरतात. म्हणजे एका वाघामागे ५००. धारणक्षमता ५० म्हणणाऱ्याने २५,००० चितळ-सांबर-रानडुकरं दाखवली पाहिजेत.

उमरेड-कऱ्हांडल्यासारख्या लहान रानात तर व्हेरहुल्स्ट एकटा पुरतच नाही. येणारे-जाणारे धरावेच लागतात. २०१९मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरमधून रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण नर निघाला आणि १,३०० किलोमीटरहून जास्त चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. कॉलर नसता, तर टिपेश्वरच्या हिशेबात तो मेलेल्यांत धरला गेला असता.