‘फेअर यूज’ अमेरिकेचा, ‘फेअर डीलिंग’ आपले

यूट्यूबवरच्या अनेक व्हिडिओंखाली ‘कॉपीराइट अ‍ॅक्ट १९७६, कलम १०७’ असा परिच्छेद चिकटवलेला दिसतो : दुसऱ्याची कृती परवानगीविना वापरली, पण हा ‘फेअर यूज’, म्हणजे रास्त वापर, असा त्याचा दावा. तो कायदा अमेरिकेचा. आपला कायदा १९५७ चा, आणि त्यात ‘फेअर यूज’ नाही. कलम ५२ मध्ये आहे ते ‘फेअर डीलिंग’. नावे सारखी वाटतात, पण दोन्हींची सुरुवात वेगवेगळ्या प्रश्नाने होते.

अमेरिकेत टीका, बातमी, अध्यापन हे वापर कलमात केवळ उदाहरणादाखल आहेत. न्यायाधीश चार गोष्टी तपासतात : वापर कशासाठी, मूळ कृती कोणत्या प्रकारची, तिचा किती भाग घेतला आणि तिच्या बाजारपेठेला किती धक्का बसला. हे लवचीक आहे आणि म्हणूनच बेभरवशाचे. लिन गोल्डस्मिथ यांनी १९८१ साली गायक प्रिन्सचा फोटो काढला. नामवंत अमेरिकी चित्रकार अँडी वॉरहॉलने त्यावरून रंगीत चित्रमालिका केली. त्यातले एक चित्र वॉरहॉल फाउंडेशनने २०१६ मध्ये मासिकाच्या मुखपृष्ठासाठी १० हजार डॉलरला वापरू दिले. गोल्डस्मिथ यांना छदामही मिळाला नाही. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी त्यांची बाजू उचलून धरली : मासिकात प्रिन्सचे चित्र छापणे हाच दोघांचाही उपयोग होता. वॉरहॉलच्या नावाचा दबदबा इथे कामी आला नाही.

आपल्याकडे आधी यादी पाहायची : खासगी वापर आणि संशोधन, समीक्षा, चालू घडामोडींचे वार्तांकन. वापर यात बसला, तर तो रास्त आहे का हा पुढचा प्रश्न. प्रदर्शनाच्या परीक्षणात ज्या चित्राबद्दल लिहिले तेच छापले, तर बाजू भक्कम. तेच चित्र दिवाळीच्या शुभेच्छांच्या फ्लेक्सवर आले, तर ते यादीत कुठेच बसत नाही. फ्लेक्स फुकट लावला होता, ही सबब पुरत नाही. ‘फोटो सौजन्य : गुगल’ हा तर विनोदच. फोटो गुगलचा नसतो, आणि खऱ्या छायाचित्रकाराचे नाव दिले तरी त्याची परवानगी मिळाली असे होत नाही.

कलम ५२ मध्ये एक सोयीची सवलतही आहे : सार्वजनिक जागी कायमच्या उभ्या असलेल्या पुतळ्याचा फोटो छापता येतो. भिंतीवर रंगवलेल्या चित्राचा मात्र त्यात उल्लेख नाही.

अर्थात, मुदत संपली असेल तर हा सारा खल नकोच. चित्रकाराच्या मृत्यूनंतर साधारणपणे ६० वर्षे हक्क राहतो. राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले, त्यांची चित्रे खुली आहेत. दीनानाथ दलाल १९७१ मध्ये गेले. त्यांची मुखपृष्ठे व्हॉट्सअ‍ॅपवर कितीही फिरली, तरी २०३१ संपेपर्यंत ती खुली होत नाहीत.

यूट्यूब अमेरिकी कंपनी असल्यामुळे तिथल्या तक्रारीत कलम १०७ चा मुद्दा मांडता येतो. तो परिच्छेद नुसता चिकटवून मात्र काहीच पदरी पडत नाही.