लिंकनचा जाहीरनामा की तेरावी घटनादुरुस्ती? गुलामगिरी नक्की कशाने संपली

अमेरिकेचा प्रेसिडेंट अब्राहम लिंकन याच्याबद्दल "लिंकनने 1863 मध्ये गुलामगिरी संपवली" हे वाक्य इतक्या ठिकाणी वाचायला मिळतं, स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्येसुद्धा, की त्यात 1863 चा जाहीरनामा आणि 1865 ची अमेरिकन घटनेतली तेरावी दुरुस्ती या दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालीये हे लक्षातच येत नाही.

1 जानेवारी 1863 चा जाहीरनामा हा कायदा नव्हता, तो उत्तरेची बाजू (युनियन) आणि फुटून निघालेली दक्षिणेकडची बंडखोर राज्यं यांच्यातल्या यादवी युद्धातला हुकूम होता. एकट्याच्या सहीने देशभरातली गुलामगिरी रद्द करायचा अधिकार प्रेसिडेंटला नव्हता, पण सरसेनापती म्हणून शत्रूची ताकद तोडायचा होता, आणि शेतात राबणारे, सैन्यासाठी खंदक खणणारे गुलाम हीच तर दक्षिणेची ताकद. म्हणून मुक्ती फक्त बंडखोर भागात. केंटकी, मिसुरी, मेरीलँड, डेलावेअर इथे गुलामगिरी होती पण ही राज्यं युनियनसोबत राहिली, म्हणून ती वगळली, टेनेसी आणि न्यू ऑर्लिन्सचा परिसरही वगळला. वेळसुद्धा लढाई बघूनच ठरली: मसुदा जुलै 1862 मध्येच तयार होता, पण पिछाडीवर असताना काढला तर हतबल होऊन काढल्यासारखा दिसेल म्हणून थांबले, मग 17 सप्टेंबरला अँटिटमच्या लढाईत युनियन आर्मीने दक्षिणेचा जनरल ली याची चढाई थोपवली आणि पाचच दिवसांत लिंकनने प्राथमिक घोषणा केली.

यावरून "मग खरं तर कोणीच सुटलं नाही" असं म्हणणारे खूप आहेत, ते मला अजिबात पटत नाही. साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरची बेटं आधीच युनियन आर्मीकडे होती आणि वगळलेल्या यादीत नव्हती, तिथे पोर्ट रॉयलजवळच्या छावणीत त्याच दिवशी ओकच्या झाडांखाली जाहीरनामा वाचला गेला आणि ऐकायला जमलेले लोक कायद्याने स्वतंत्र झाले. पुढे आर्मी जिथे पोचली तिथे मुक्ती पोचली. शिवाय कृष्णवर्णीयांची सैन्यात भरती खुली झाली, युद्ध संपेपर्यंत साधारण 1,80,000 जण युनियन आर्मीत लढले, माझ्या मते हाच त्याचा सगळ्यात मोठा परिणाम.

पण युद्धातला हुकूम युद्ध संपल्यावर कोर्टात टिकेल का, ही काळजी खुद्द लिंकनला होती. म्हणून गुलामगिरी रद्द करणारी तेरावी घटनादुरुस्ती. सिनेटने ती एप्रिल 1864 मध्ये पास केली, जूनमध्ये हाउसमध्ये, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहात, दोन तृतीयांश मतं मिळाली नाहीत आणि पडली, मग निवडणूक जिंकल्यावर लिंकनने एकेका विरोधी सदस्याला वळवायला माणसं कामाला लावली, तेव्हा कुठे 31 जानेवारी 1865 ला 119 विरुद्ध 56 ने पास. राज्यांची मंजुरी पूर्ण झाली 6 डिसेंबरला, तेव्हा लिंकन हयात नव्हता. यात मात्र कुठलंच राज्य वगळलेलं नाही. फक्त गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी चालेल अशी फट राहिली आणि दक्षिणेत कैदी भाड्याने द्यायचा धंदा त्याच फटीतून फोफावला.

गुलामगिरी संपल्याचा दिवस म्हणून अमेरिकेत 19 जूनला साजरा होणाऱ्या जूनटीन्थबद्दलही अशीच सरमिसळ होते. 19 जून 1865 ला टेक्सासच्या गॅल्व्हस्टनमध्ये जनरल ग्रेंजरने जो आदेश काढला तो जाहीरनाम्याच्या अंमलबजावणीचा, दुरुस्ती अजून लागू व्हायची होती आणि त्या दिवशी केंटकीत माणूस मालकीचा असणं कायदेशीरच होतं.