काच वाकवा, घासा आणि सोडून द्या

आरसा मोठा तितका प्रकाश जास्त, हे दुर्बिणीचं साधं गणित. पण काच मोठी करत नेली की ते लवकरच अंगाशी येतं. १९४८ साली अमेरिकेतल्या पालोमारच्या हेल दुर्बिणीत बसलेला आरसा ५ मीटरचा आणि साडेचौदा टनांचा. सोव्हिएत संघाने १९७०च्या दशकात ६ मीटरचा केला, तर वजन ४२ टनांवर गेलं. दुर्बीण कलली की एवढी काच स्वतःच्याच भाराने वाकते. शिवाय रात्री हवा गार झाली तरी जाड काच आतून लवकर निवत नाही, आणि तिचा आकार बदलत राहतो. अ‍ॅरिझोनात फिरत्या भट्टीत ओतलेले, आतून पोकळ आरसे ८.४ मीटरपर्यंत पोचले. त्यापुढे एकसंध काचेने जायची हिंमत अजून कोणी केलेली नाही.

जेरी नेल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७०च्या दशकाच्या अखेरीस वेगळी वाट धरली: लहान तुकडे करायचे आणि ते मिळून एकच आरसा असल्यासारखे वागतील, अशी व्यवस्था लावायची. त्यातून हवाईतल्या मौना केआ डोंगरावर केक दुर्बीण उभी राहिली. तिचा १० मीटरचा आरसा ३६ षटकोनी तुकड्यांचा आहे. त्याच घराण्यातली पुढची म्हणजे थर्टी मीटर टेलिस्कोप, ‘टीएमटी’. तिच्या ३० मीटरच्या आरशात ४९२ तुकडे असतील. प्रत्येक १.४४ मीटर रुंद, ४५ मिलिमीटर जाड.

खरी गोम पुढे आहे. मुख्य आरशाचा पृष्ठभाग गोलाचा भाग नसतो, त्यामुळे काठाकडच्या तुकड्याची वक्रता उभी वेगळी, आडवी वेगळी. टीएमटीमध्ये असे ८२ निरनिराळे आकार आहेत, प्रत्येकाचे सहा नग. आणि घासून काच सहज तयार होते ती फक्त गोलाच्या आकाराची. दोन तबकड्यांमध्ये घर्षक पूड आणि पाणी घालून त्या सगळ्या दिशांनी एकमेकींवर फिरवत राहिलं, की दोन्ही पृष्ठभाग आपोआप गोलाचे भाग होतात, कारण कसंही सरकवलं तरी एकमेकांना टेकून राहील असा आकार तोच. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या कार्यशाळांमध्ये हौशी मंडळी आरसा घासतात, ती याच जोरावर.

नेल्सन आणि त्यांचे सहकारी जेकब लुब्लिनर यांनी यावर काढलेली युक्ती मला अख्ख्या दुर्बिणीपेक्षा देखणी वाटते. गोल तबकडीच्या काठाभोवती तरफा लावायच्या आणि हिशेबाने ठरवलेली वजनं देऊन काच मुद्दाम वाकवायची. हे वाकणं एक-दोन दशांश मिलिमीटरचं, डोळ्यांना न दिसणारं. मग त्या वाकलेल्या काचेवर साधा गोलाचा आकार घासायचा. वजनं काढली की काच सुटते, पूर्वस्थितीला येऊ पाहते, आणि तसं करताना नेमका हवा तो वेडावाकडा आकार घेते. अवघड पृष्ठभाग घासावा लागतच नाही. अवघडपणा वजनांच्या हिशेबात जातो.

केकच्या वेळी मात्र एक घोळ झाला. उत्तम घासलेली गोल तबकडी कापून षटकोनी केली की काचेतले ताण मोकळे व्हायचे आणि आकार पुन्हा बिघडायचा. उपाय म्हणून तुकड्यांच्या पाठीला पट्टीच्या स्प्रिंगा लावून त्यांना ताळ्यावर आणावं लागलं. शेवटचा हात आयनांच्या, म्हणजे विद्युतभारित अणूंच्या, झोताने फिरवला गेला. निर्वात पेटीत आयनांचा मारा करून काचेचा थर जवळजवळ अणूअणूने उतरवतात. मधे घासणारं हत्यारच नसल्यामुळे काठ दबायची भीती नाही.

इतकी काटेकोरी कशाला? प्रकाशाची तरंगलांबी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास, आणि आरशातली चूक तिच्या विसाव्या हिश्शात, म्हणजे साधारण २५ नॅनोमीटरमध्ये राहायला हवी. ३० मीटरचा आरसा मुंबईपासून गडचिरोलीपर्यंत ताणला, तर त्यावरचा उंचवटा एक मिलिमीटरही भरणार नाही.

तुकडे नीट घासले तरी ते एका रांगेत राहायला हवेत. वारा, तापमान, दुर्बिणीचं कलणं, सगळं त्यांना हलवत असतं. म्हणून टीएमटीच्या रचनेत तुकड्यांच्या कडांवर २,७७२ संवेदक आहेत. शेजारचा तुकडा किती वर-खाली आहे, एवढंच ते सांगत राहतात. प्रत्येक तुकड्याखालचे तीन, एकूण १,४७६ चालक, म्हणजे तुकडा हलवणारी यंत्रं, त्यानुसार तो रेसभर उचलतात किंवा कलवतात. संवेदक, चालक आणि तुकड्यांचे आधारसांगाडे हा भारताच्या वाट्याचा मोठा भाग. काही तुकडे घासायचं कामही बंगळुरूजवळच्या होसकोटेला ठरलं. आयुका, बंगळुरूची भारतीय ताराभौतिकी संस्था आणि नैनितालची एरीज या तीन संस्था त्यात आहेत.

सुटे तुकडेही ८२च, प्रत्येक आकाराचा एक. आरशावरचा धातूचा मुलामा काळवंडतो, म्हणून तुकडे पाळीपाळीने काढून नव्याने मुलामा द्यावा लागतो. काढलेल्या जागी तेवढ्यापुरता सुटा बसवला की रात्र वाया जात नाही.

दुर्बीण कुठे उभारायची, हा वाद निराळा. मौना केआ हा हवाईच्या मूळ रहिवाशांचा पवित्र डोंगर. त्यांच्या विरोधामुळे २०१५ आणि २०१९ साली बांधकाम थांबलं, आणि ते रास्तच होतं असं मला वाटतं. स्पेनच्या ला पाल्मा बेटाचा पर्याय पुढे आला. तुकड्यांची वक्रता डोंगरावर ठरत नसल्याने काच घासणाऱ्यांना त्या निकालासाठी थांबायचं कारण नव्हतं.