वाइल्डफ्लाय सर्व्हर : स्टँडअलोन पद्धत

वाइल्डफ्लाय हा जावात लिहिलेला मुक्तस्रोत ॲप्लिकेशन सर्व्हर, म्हणजे जावातली वेब-ॲप्लिकेशने ज्याच्या आत चालतात तो प्रोग्रॅम. तो दोन पद्धतींनी चालवता येतो. 'डोमेन' पद्धतीत अनेक सर्व्हरांचा कारभार एका जागेवरून पाहिला जातो. 'स्टँडअलोन' पद्धतीत प्रत्येक सर्व्हर आपल्यापुरता, स्वतःच्या कॉन्फिगरेशन फाइलवर चालतो. प्रोग्रॅमर आपल्या लॅपटॉपवर टर्मिनलमधून रोज सुरू करतो तो हा दुसरा. नावावरून तो कच्चा किंवा फक्त सरावापुरता वाटतो, पण तसे नाही : प्रत्यक्ष सेवेतले क्लस्टरही (एकत्र काम करणारे सर्व्हरांचे गट) स्टँडअलोन सर्व्हर जोडून उभे करता येतात.

मार्क फ्ल्युरी यांनी 1999 मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पाचे पहिले नाव 'ईजेबॉस'. जावा बनवणाऱ्या सन कंपनीने 'ईजेबी' या आपल्या ट्रेडमार्कवरून हरकत घेतली, तेव्हा पहिले अक्षर गळून 'जेबॉस' उरले. 2006 मध्ये रेड हॅटने जेबॉस कंपनी विकत घेतली. 2011 च्या सातव्या आवृत्तीत सर्व्हरचा गाभा नव्याने लिहिला गेला; स्टँडअलोन आणि डोमेन ही वाटणी तेव्हाची. 2014 मधली आठवी आवृत्ती 'वाइल्डफ्लाय' नावाने आली आणि जेबॉस हे नाव रेड हॅटच्या सशुल्क उत्पादनाकडे राहिले.

सर्व्हर सुरू करायला 'बिन' फोल्डरमधली 'स्टँडअलोन' नावाची स्क्रिप्ट चालवायची. लिनक्स-मॅकसाठी 'एसएच' आणि विंडोजसाठी 'बॅट' अशा तिच्या वेगवेगळ्या प्रती असतात. काही सेकंद टर्मिनलवर ओळी धावतात आणि शेवटी, किती मिलिसेकंदांत सुरू झालो ते सर्व्हर सांगतो. ॲप्लिकेशन 8080 पोर्टवर (मशीनच्या या क्रमांकाच्या दारावर) दिसते, प्रशासनाचे पान 9990 वर. डेव्हलपमेंटमध्ये सर्व्हर असा टर्मिनलमध्ये उघड चालवावा, पार्श्वभूमीला ढकलू नये. लॉग, म्हणजे सर्व्हरने केलेल्या नोंदी, फाइलमध्येही लिहिला जातोच. पण ब्राउझरमध्ये बटण दाबताक्षणी शेजारच्या खिडकीत चूक उमटलेली दिसते, ती सोय फाइल शोधून उघडण्यात नाही.

शेवटची ओळ मात्र नीट वाचावी. 8080 पोर्ट दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने अडवले असेल, तर सर्व्हर बंद पडत नाही. तो 'सुरू झालो, पण चुकांसह' असे कळवून चालू राहतो, आणि घाईत ते शेवटचे दोन शब्द निसटतात. मग ब्राउझरमध्ये भलतेच पान का येते, यावर अर्धा तास जातो. अशा वेळी पोर्ट-ऑफसेट, म्हणजे सगळ्या पोर्ट क्रमांकांत मिळवायचा आकडा, द्यावा : 100 दिल्यास 8080 चे 8180 होते आणि 9990 चे 10090. एकाच मशीनवर दोन सर्व्हर चालवायचे तर हाच मार्ग, फक्त प्रत्येकाला 'स्टँडअलोन' फोल्डरची स्वतंत्र प्रत हवी.

या पद्धतीतला सर्वांत लोभस भाग म्हणजे 'डिप्लॉयमेंट्स' फोल्डर. त्यात 'दुकान.वॉर' ही फाइल (वॉर म्हणजे एका फाइलीत बांधलेले वेब-ॲप्लिकेशन) टाकली, की दर पाच सेकंदांनी फेरी मारणारा स्कॅनर ती उचलतो. काम चालू असताना शेजारी 'दुकान.वॉर.इझडिप्लॉयिंग' ही खुणेची फाइल दिसते. काम झाले की ती जाऊन '.डिप्लॉइड' येते, बिनसले तर '.फेल्ड'. ही शेवटची फाइल उघडली तर आत बिघाडाचे कारण लिहिलेले असते. हा संवाद उलट दिशेनेही चालतो : '.डिप्लॉइड' फाइल पुसली की सर्व्हर ते ॲप्लिकेशन उतरवतो. वॉर फाइल न बांधता उघडे फोल्डरच ठेवले असेल, तर त्याला तो आपणहून हात लावत नाही, कारण अर्धवट कॉपी झालेले फोल्डर कोणते हे त्याला कळणार कसे? तिथे '.डूडिप्लॉय' नावाची रिकामी फाइल आपण तयार करून परवानगी द्यायची.

मूळ कॉन्फिगरेशन 'स्टँडअलोन.एक्सएमएल'मध्ये असते. त्यात मेसेजिंग (प्रोग्रॅमांनी एकमेकांना रांगेतून निरोप पाठवण्याची सोय) नाही. ते लागत असेल तर सुरू करताना 'डॅश सी' (-c) पर्यायाने 'स्टँडअलोन-फुल' फाइल निवडायची. सर्व्हर चालू असताना ही फाइल हाताने बदलू नये. कमांड लाइन साधनातून किंवा प्रशासनाच्या पानावरून एखादी सेटिंग बदलली, की सर्व्हर स्वतःच्या स्मरणातली प्रत फाइलवर लिहितो आणि हाताने घातलेली भर पुसली जाते. जुन्या प्रती हिस्टरी फोल्डरमध्ये साठलेल्या असतात.

सर्व्हर मुळात 127.0.0.1 या पत्त्यावरच ऐकतो, म्हणजे फक्त त्याच मशीनला उत्तर देतो. त्याच वायफायवरच्या फोनवरून पान तपासायचे तर 'डॅश बी' (-b) देऊन 0.0.0.0, म्हणजे मशीनचे सगळे पत्ते, हा पत्ता द्यावा. प्रशासनाचे पोर्ट तरीही बाहेरून बंदच राहते, ते तसेच असू द्यावे. 'डॅश डॅश डिबग' (--debug) दिल्यास 8787 पोर्टवर एडिटर जोडून कोड ओळीओळीने थांबवत पाहता येतो.

थांबवायला कंट्रोल-सी पुरते : सर्व्हर ॲप्लिकेशने उतरवतो, पोर्ट सोडतो आणि मग बाहेर पडतो. लिनक्स-मॅकवर कंट्रोल-झेडने तो थांबल्यासारखा वाटतो, पण नुसता गोठलेला असतो आणि 8080 त्याच्याच मुठीत राहते.