हाड मोडायचं थांबतं का? ठिसूळ हाडांवरच्या औषधांची पार्श्वभूमी

खान्देशात साठी ओलांडलेल्या बाईच्या औषधांच्या पिशवीत हल्ली तीन गोष्टी हमखास निघतात: कॅल्शियमच्या गोळ्या, ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आणि आठवड्यातून एकदा घ्यायची छोटी पांढरी गोळी. त्या पांढऱ्या गोळीबद्दल कुणीतरी भलतंसलतं सांगतं, मग ती बंद होते आणि कॅल्शियम तेवढं चालू राहतं. ‘कॅल्शियम घेतेय ना, मग ती गोळी कशाला?’ हा प्रश्न जळगावपासून धडगावपर्यंत सारखाच ऐकू येतो. ही औषधं कशी आली ते पाहिलं, की दोघांची कामं वेगळी आहेत हे कळतं.

सुरुवात बोस्टनला झाली. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या फुलर अल्ब्राइट यांच्या लक्षात आलं, की मणके दबून कंबरेत वाकलेल्या बायकांपैकी बहुतेकींची पाळी गेलेली आहे. १९४१ मध्ये त्यांनी हे मांडलं आणि इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन देऊन पाहिलं. पुढची साठ वर्षं हार्मोनवर भरवसा होता. २००२ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनची जोडी घेणाऱ्या बायकांचं खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटलं, पण स्तनाचा कर्करोग, हृदयविकार, पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्या वाढल्या, म्हणून चाचणीचा तो भाग मुदतीआधीच थांबवावा लागला. आता फक्त हाडांसाठी म्हणून साठीनंतर हार्मोन सुरू करत नाहीत. मात्र ज्या बाईची ‘पिशवी’ पस्तिशी-चाळिशीतच काढली आहे, तिने ऑपरेशनचा कागद शोधून बीजांडंही काढली होती का हे डॉक्टरांना जरूर दाखवावं. काढली असतील, तर तिची हाडं तेव्हापासूनच झिजायला लागलेली असतात. साधारण पन्नाशीपर्यंत हार्मोन द्यायचं का, याचा विचार अशा बाईसाठी वेगळा करावा लागतो.

सगळ्यात मोठा धडा फ्लोराइडने दिला. फ्लोराइड दिलं की मणक्यांची घनता वाढते, एक्स-रेत हाड पांढरं, भरीव दिसतं. डॉक्टर आणि रुग्ण दोघंही खूश. १९९० मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २०२ बायकांवरची चार वर्षांची चाचणी जाहीर केली. निम्म्या बायकांना रोज ७५ मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड, निम्म्यांना नकली गोळी आणि दोन्ही गटांना १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम. फ्लोराइडवाल्यांच्या कंबरेच्या मणक्यांची घनता ३५ टक्क्यांनी वाढली. मणके मोडण्याच्या प्रमाणात मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाही आणि हातापायांसारखी इतर हाडं तिपटीने मोडली: एका गटात २४, दुसऱ्यात ७२. नवं हाड जास्त होतं, पण त्याची वीण बिघडलेली होती. रिपोर्टमधला आकडा सुधारला म्हणजे हाड मजबूत झालं असं नाही, हे तिथे पक्कं झालं. म्हणून कुठल्याही गोळीबद्दल किंवा पावडरीबद्दल पहिला प्रश्न एकच विचारायचा: हिने हाड मोडायचं थांबतं का?

आता त्या पांढऱ्या गोळीकडे येऊ. बोअरचं पाणी तापवलं की भांड्याला आतून पांढरा थर धरतो, तो क्षारांचा. हा थर पाइपांत साचू नये म्हणून कारखान्यांत बिस्फॉस्फोनेट जातीची रसायनं वापरत. स्वित्झर्लंडमधले हर्बर्ट फ्लाइश शरीरात कॅल्शियमचे क्षार नको तिथे का साचत नाहीत याचा शोध घेत होते. शरीरातलं पायरोफॉस्फेट ते काम करतं असं दिसलं, पण ते पटकन तुटतं. न तुटणारा जोडीदार म्हणून त्यांनी बिस्फॉस्फोनेट पाहिले, तर ते हाडाला चिकटून बसतात आणि हाड खाणाऱ्या पेशींना आवर घालतात असं निघालं. हे निष्कर्ष १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. या कुळातलं आधीचं औषध, एटिड्रोनेट, जास्त मात्रेत दिलं तर नवं हाडही कच्चं ठेवी. अॅलेन्ड्रोनेटने, म्हणजे आपल्या त्या पांढऱ्या गोळीने, ती अडचण दूर केली आणि १९९५ मध्ये त्याला अमेरिकेत परवानगी मिळाली. १९९६ मध्ये आलेल्या चाचणीत आधीच मणका मोडलेल्या सुमारे दोन हजार बायका होत्या. तीन वर्षांत नवा मणका मोडण्याचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ८ वर आणि खुब्याचं २.२ वरून १.१ टक्क्यावर आलं. यातली मुख्य गोष्ट सहसा सांगितली जात नाही: ज्यांच्या जेवणात कॅल्शियम कमी होतं, त्यांना दोन्ही गटांत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिलेलं होतं. म्हणजे हा फायदा कॅल्शियमच्या वरचा आहे. कॅल्शियम म्हणजे विटा-वाळू. बांधलेली भिंत पोखरणाऱ्याला ते अडवत नाही.

ही गोळी पोटातून एक टक्काही शोषली जात नाही, म्हणून घेण्याची पद्धत काटेकोर आहे. ७० मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदा, सकाळी तोंड धुतल्यावर उपाशीपोटी, भरलेल्या पेलाभर साध्या पाण्यासोबत. चावायची नाही, चघळायची नाही. पुढचा अर्धा तास चहा नाही, दूध नाही, दुसरी गोळी नाही, आणि खाटेवर आडवं व्हायचं नाही. बसायचं किंवा अंगणात फिरायचं. चहासोबत घेतली तर गोळी जवळजवळ वाया जाते. घोटभर पाण्याने घेऊन आडवं झालं तर ती अन्ननलिकेत अडकून जखम करते. अशा रुग्णांच्या नोंदी १९९६ मध्येच छापून आल्या आणि त्यानंतर या नियमावर जोर आला. वार लक्षात राहत नसेल तर गावच्या आठवडे बाजाराचा दिवस धरावा. ज्यांना गिळताना त्रास होतो किंवा अर्धा तास ताठ बसवत नाही, त्यांच्यासाठी वर्षातून एकदा सलाईनमधून ५ मिलिग्रॅम झोलेड्रोनिक अॅसिड आहे. त्याला अमेरिकेत २००७ मध्ये परवानगी मिळाली. पहिल्या वेळी दोन-तीन दिवस ताप आणि अंगदुखी होऊ शकते, ती पॅरासिटामॉलने आवरते. आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी), कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासलेलं हवं. आणि भुसावळ-जळगावच्या पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात, पाणी कमी पडलेल्या शरीरात, हे औषध घेऊ नये. मूत्रपिंडावर ताण येतो तो अशाच वेळी.

भीतीची दोन कारणं खरी आहेत. २००३ मध्ये जबड्याचं हाड उघडं पडल्याच्या नोंदी आल्या. त्यातले बहुतेक रुग्ण कर्करोगाचे होते आणि त्यांची मात्रा कितीतरी मोठी होती. नंतर मांडीचं हाड मधोमध आडवं मोडल्याच्या नोंदी आल्या, मुख्यतः अनेक वर्षं औषध घेतलेल्यांत. म्हणून हलणारे, किडलेले दात औषध सुरू करण्याआधी काढून घ्यावेत. गोळी पाच वर्षं आणि सलाईन तीन वर्षं झाली की थांबायचं का, हे डॉक्टरांना विचारावं. आणि जांघेत किंवा मांडीत आठवडेच्या आठवडे बोथट दुखत राहिलं तर ‘वात आहे’ म्हणून तेल चोळत न बसता एक्स-रे काढावा. दुर्मीळ धोक्याच्या भीतीने, खुबा मोडण्याचा रोजचा धोका पत्करून गोळी सोडणं मात्र चुकीचं आहे.

पूरक गोळ्यांचा इतिहास याहून गोंधळाचा आहे. १९९२ मध्ये फ्रान्समधल्या वृद्धाश्रमांतल्या बायकांना रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८०० युनिट ड जीवनसत्त्व दिलं, तेव्हा खुबे मोडण्याचं प्रमाण बरंच घटलं. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सर्वसाधारण तब्येतीच्या माणसांना रोज २००० युनिट देऊन पाहिलं, तर काहीच फरक पडला नाही. कारण साधं आहे: कमतरता असेल तिथे भरपाईचा उपयोग, नसेल तिथे नाही. आणि २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातून आलेला निकाल तर प्रत्येक मेडिकलवर लावावा असा आहे. सत्तरीपुढच्या बायकांना वर्षातून एकदाच पाच लाख युनिट दिले, तर त्या जास्त पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली. आपल्याकडे सहा लाखांचं इंजेक्शन अजूनही मागून घेतात. ६०,००० ची पुडी साधारण आठवड्याला एक अशी आठ आठवडे आणि मग डॉक्टर सांगतील तशी, बहुधा महिन्याला एक. ती आठवड्याचीच वर्षभर चालू राहिली तर रक्तातलं कॅल्शियम चढतं: मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान, सारखी लघवी, गोंधळलेपण. मुतखडा झालेल्यांनी तर जास्तच जपावं.

कॅल्शियमच्या गोळीचा आकडाही नीट वाचावा. १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटमध्ये खरं कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम असतं. ते जेवणासोबत घ्यावं. अॅसिडिटीची गोळी रोज चालू असेल तर कॅल्शियम सायट्रेट बरं. एका वेळी ५०० पेक्षा जास्त नको, आणि थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम हवं, असं आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीत आहे. त्यातलं जेवणातून किती येतं ते आधी मोजावं. रावेर-यावलच्या केळ्यात पोटॅशियम भरपूर, कॅल्शियम नावापुरतं. ज्वारीच्या भाकरीतही थोडकंच. सातपुड्यातल्या नागलीच्या शंभर ग्रॅम पिठात मात्र साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. पेलाभर दूध, वाटीभर दही, तिळाची चटणी आणि नागलीची एक भाकरी रोज पोटात जात असेल, तर एक गोळी पुरते.

हाडं ठिसूळ झाली असं कधी म्हणायचं, याची रेघ जागतिक आरोग्य संघटनेच्या गटाने १९९४ मध्ये आखली: टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांच्या तुलनेत घनता किती कमी ते सांगणारा आकडा, उणे २.५ किंवा त्याखाली. ही रेघ खुबा आणि कंबरेच्या डेक्सा तपासणीची, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या एक्स-रेची आहे. शिबिरात टाच मशीनमध्ये ठेवून निघालेल्या आकड्यावर औषध सुरू करू नये. उलट साध्या पडण्याने खुबा किंवा मणका मोडला असेल, तर डेक्सा काहीही म्हणो, औषध लागतं.

पुढची औषधं थोडक्यात. नाकातला कॅल्सिटोनिनचा फवारा कर्करोगाच्या शंकेने मागे पडला, स्ट्रॉन्शियम हृदयाच्या धोक्याने. टेरिपॅराटाइड हे हाड नव्याने घडवणारं रोजचं इंजेक्शन, २००२ पासूनचं. अनेक मणके मोडलेल्यांसाठी, साधारण दोन वर्षं, आणि ते संपताच मागोमाग दुसरं औषध हवंच. २०१९ चं रोमोसोझुमॅब हार्टअटॅक किंवा पक्षाघात होऊन वर्ष उलटलं नसेल तर देत नाहीत.

डेनोसुमॅबबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. ६० मिलिग्रॅम, सहा महिन्यांतून एकदा कातडीखाली. अमेरिकेत परवानगी २०१० मध्ये. मूत्रपिंड कमजोर असेल तरी देता येतं, फक्त अशांचं कॅल्शियम अचानक उतरू शकतं, म्हणून आधी आणि नंतर तपासावं लागतं. सोपं आहे, म्हणून आवडतं. पण ते हाडात साठत नाही. सुई चुकली की दाबून धरलेली झीज उसळून येते आणि काही महिन्यांत एकामागून एक मणके दबू शकतात. ही गोष्ट औषध बाजारात आल्यावर बऱ्याच वर्षांनी ठळक झाली. पहिली सुई एप्रिलमध्ये घेतली तर दुसरी ऑक्टोबरात येते, ऐन कापूस वेचणीत, आणि ‘दिवाळी झाली की जाऊ’ असं ठरतं. तसं होऊ देऊ नये. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी, सातवा महिना उलटू देऊ नये, आणि बंदच करायचं असेल तर आधी डॉक्टरांकडून अॅलेन्ड्रोनेट किंवा झोलेड्रोनिक अॅसिड ठरवून घ्यावं. सुई शहरातून गावी न्यायची असेल तर बर्फाच्या पॅकच्या डब्यात, पण बर्फाला थेट न टेकवता, कारण गोठली तरी ती वाया जाते.